तुमचा ससा आणि आमचा मुकादम

मुलांच्या चित्रपुस्तकांवर बोलायचं म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या क्रांतिकारकांना जांभई येते. मोर्चा, आरक्षण, गायरान, जेल एवढं सगळं पडलेलं असताना ससे आणि अस्वलं? हो, ससे आणि अस्वलं. पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यात जग कुणी बांधलं, कुणी बिघडवलं याची पहिली वीट तिथं बसते. आणि ती वीट बसवणारा हात अजून आपला नाही.

बाजारात एक नवा माल आलाय. 'कुटुंबातल्या बदलांना सामोरं जायला मुलांना मदत करणारी पुस्तकं.' आईबाप वेगळे झाले, नवं बाळ आलं, आजोबा वारले, बाबांनी दुसरं लग्न केलं, प्रत्येक दुखण्यावर एक पुस्तक. साचा ठरलेला. पहिल्या पानावर सशाचं गुण्यागोविंदानं नांदणारं बिऱ्हाड. मधल्या पानांवर ढग. ससुल्याला राग येतो, मग रडू येतं, मग एक शहाणी खार त्याला सांगते की राग येणं ठीक आहे. शेवटच्या पानावर मिठी. मलपृष्ठावर पालकांसाठी काउन्सेलरबाईंचा सल्ला.

फाउंटनच्या फूटपाथवर असली परदेशी पुस्तकं रद्दीच्या भावात ढिगानं पडलेली असतात. गोदीतून सुटलो की मी तिथं उभ्या उभ्या चाळतो. चित्रं बघायला कुणी पैसे मागत नाही आणि मॅट्रिकपुरतं इंग्रजी त्याला पुरतं. त्यातलं नावाजलेलं म्हणजे १९८६ सालचं 'डायनॉसॉर्स डिव्होर्स', लॉरीन क्रॅस्नी ब्राऊन आणि मार्क ब्राऊन या जोडीचं. डायनॉसॉरचे आईबाप वेगळे होतात आणि पिल्लाला दोन घरांत राहायचं कसं, सणवार कुणाकडे करायचे, सावत्र आईशी वागायचं कसं, हे सगळं चित्रांतून समजावलेलं. पुस्तक वाईट नाही. बाराव्या मजल्यावरचं पोरही आईबाप वेगळे झाले की रात्री उशी ओली करतं, आणि 'हे तुझ्यामुळं झालं नाही' असं त्याला कुणीतरी सांगायलाच पाहिजे. त्या पोराच्या रडण्याला मी हसणार नाही.

माझं भांडण या मालाच्या पुढच्या वाक्याशी आहे. 'तुझ्यामुळं झालं नाही' याला लागूनच येतं, 'कुणामुळंच झालं नाही.' घर मोडतं ते पाऊस पडल्यासारखं, आपोआप. तू फक्त दीर्घ श्वास घे, दहा आकडे मोज, तुझ्या रागाला कुठला रंग आहे ते सांग. हे वाक्य आमच्या वस्तीत आणून ठेवलं की ते धडधडीत खोटं होतं.

त्याआधी एक हिशेब मिटवू. घर बदलणं, मोडणं, पुन्हा मांडणं हे म्हणे नव्या जमान्याचं दुखणं. कुणाच्या जमान्याचं? मराठी भाषेलाच विचारा. 'काडीमोड' हा शब्द कोर्टात जन्मला नाही. पंचांपुढं काडी मोडायची आणि दोघं मोकळे, ही रीत गावकुसाच्या बाहेरची आणि शेतावर राबणाऱ्यांची. पाट आमचा, म्होतूर आमचं. नवरा मेलेली, नवऱ्यानं टाकलेली बाई दुसरं घर करायची आणि कडेवरचं पोर तिच्याबरोबर नव्या उंबऱ्यात शिरायचं. त्याच काळात भटवाड्यातल्या विधवेचं डोकं भादरून तिला माजघरात कोंडत होते. दोन घरांचं पोर आपल्यात शेकडो वर्षं आहे. त्याच्यावर कुणी चित्रं काढली नाहीत, शिव्या मात्र काढल्या. शरणकुमार लिंबाळेंनी १९८४ साली त्यातलीच एक शिवी उचलून आत्मकथनाला नाव दिलं, 'अक्करमाशी', तेव्हा कुठं पांढरपेशा वाचकाला कळलं की या देशात 'तुझा बाप कोण' हा प्रश्न पोराला शाळेच्या दारातच अडवतो.

मी काडीमोडीचे पोवाडे गात नाही. पंच पुरुषच होते आणि बाईच्या अंगावरचं लुगडंसुद्धा हिशेबात धरायचे. म्हणूनच देशभरच्या हिंदू बाईला हा हक्क कायद्यानं मिळावा म्हणून बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झगडले, आणि ते बिल अडवलं म्हणून १९५१ साली मंत्रिपद लाथाडून बाहेर पडले. पुढं १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट आला. आज फ्लॅटमधली आई छळणाऱ्या नवऱ्याला सोडून ताठ मानेनं पोराला घेऊन राहते, त्या ताठ मानेत एका महाराच्या पोराची मेहनत आहे. सशाच्या पुस्तकात हे एका ओळीत लिहायला जागा होती. कुणाला सुचलं नाही.

आता आमच्या पोरांची घरं कशानं बदलतात ते मोजू.

माझं गाव वढू बुद्रुक, तालुका शिरूर, शेजारी दौंड. भीमा, घोड, मुळा-मुठेच्या पाण्यावर माजलेला ऊस. दिवाळी सरली की बीड-नगरकडून टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोन माणसं मोजायची आणि नाव हत्याराचं. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खाल्लेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने फडाच्या कडेला कोपी. पोराचं काय? एक तर गावी म्हातारा-म्हातारीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात, नाहीतर कोपीच्या दारात तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन. दर साल घर मोडतं, दर साल उन्हाळ्यात जुळतं, तोवर पोरगं आईला ओळखायला क्षणभर थांबतं. त्या क्षणाचं पुस्तक कुठाय? आणि काढलं, तर त्यात 'आई कामाला गेली' एवढंच लिहिणार, की उचल म्हणजे काय आणि मुकादम कोण हेही काढणार?

दुसरं घर. बाप गटारात उतरतो आणि वर येत नाही. हातानं मैला काढायला लावणं बंद करणारा कायदा २०१३ चा. गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ ला सांगितलं. २०२३ ला तीस लाख सांगितले. कायदा झाल्यावर दहा वर्षांनी मरणाची रक्कम वाढवावी लागते, म्हणजे मरणं चालूच. आणि पालिकेतला सफाई कामगार गेला की लाड-पागे समितीच्या शिफारशीनं वारसाला नोकरी. घराला आधार होतो, नाही कसं म्हणू? पण त्या पोरानं बापाची जागा घ्यायची म्हणजे बापाचाच झाडू घ्यायचा. 'आजोबा तारा झाले' असं पुस्तक या पोरापुढं धरून बघा. ते विचारील, तारा करायला त्यांना खाली कुणी उतरवलं?

तिसरं घर आमच्याच शिवेवरचं. २९ डिसेंबर २०१७ ला वढूत गोविंद गोपाळांच्या समाधीची मोडतोड झाली. तीन दिवसांनी, १ जानेवारी २०१८ ला, भीमा कोरेगावच्या स्तंभाला निघालेल्या माणसांवर दगड पडले, गाड्या पेटल्या, दुकानं-घरं पेटली. ३ तारखेच्या बंदनंतर वस्त्यावस्त्यांतून पोरं उचलली. चौकशी आयोग बसला, तारखा पडल्या. मी त्यात पडत नाही, तो विषय या अंकाला पुरणार नाही. मी एवढंच विचारतो की त्या रात्री आईच्या छातीला चिकटून बसमधून परतलेलं चार वर्षांचं पोर आज वरच्या वर्गात पोचलं असेल. एवढ्या वर्षांत त्याच्या हातात त्याच्या वयाचं, त्याच्या भाषेतलं एक तरी पान कुणी दिलं? त्यानं जे कळून घ्यायचं ते मोबाइलवरच्या व्हिडिओतून कळून घेतलं. दुसऱ्या बाजूच्या पोरानंही तसंच. आता दोघांची टाळकी कशी झाली म्हणून कुणी गळा काढू नये.

आणि चौथं घर आपल्याच माणसानं मोडलेलं. दारू पिऊन हात उचलणारा, एक बाई माहेरी धाडून दुसरी आणणारा, स्टेजवर समतेवर तासभर बोलणारा. 'व्यवस्था' हा शब्द त्याच्या पाठीवर पांघरूण घालायला वापरायचा नाही. ज्यानं घर मोडलं त्याचं नाव पोराला कळलं पाहिजे, मग तो मुकादम असो, ठेकेदार असो, नाहीतर निळा गमछा घातलेला बाप असो.

माझ्या बहिणीच्या पोराला मी 'राधाचं घर' नेऊन दिलं. माधुरी पुरंदरे यांचं, ज्योत्स्ना प्रकाशनाचं. राधा आपल्या घरातल्या एकेका माणसाबद्दल सांगते. चित्रं अशी की माणसं आत्ता उठून पाणी विचारतील. पोरगं सहा वर्षांचं, बाप निघून गेलेला, आई धुण्याभांड्याला, राहतं आजीपाशी. त्यानं पानं पुढं-मागं केली, बोटानं माणसं मोजली आणि म्हणालं, "मामा, हिच्या घरची समदी हायेत." मग पुन्हा पहिल्यापासून बघत बसलं. पुरंदरेबाईंशी माझं भांडण नाही. त्यांनी पाहिलेलं घर त्यांनी इमानानं काढलं. 'समदी' नसलेलं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांनी ते काढायचं. ते कोण? आपण.

इथं सदाशिवपेठेतून हात वर येतो. अहो, पण कोवळी मनं! एवढ्या लहान मुलांना शोषण, खून, जाळपोळ? बाल्य हिरावून घ्याल! कुणाचं बाल्य, साहेब? ज्या पोरानं कोपीत भाकरी थापली, ज्यानं बापाचं मढं दोरानं वर येताना बघितलं, त्याला तुम्ही काय झाकून ठेवणार? त्याला घडलेलं माहीत असतं, अर्थ माहीत नसतो. अर्थ कुणी सांगितला नाही की पोर आपला आपण लावतं, आणि पोरानं लावलेला अर्थ नेहमी एकच असतो: माझंच काहीतरी चुकलं. मी हट्ट केला म्हणून आई गेली. आपल्यातली बरीच मोठी माणसं अजून तोच अर्थ छातीत घेऊन फिरतायत आणि त्यालाच नशीब म्हणतायत.

आणि हे जमत नाही, पोरांना झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांनी जगाकडं बघावं. १९७२ साली मुंबईत आपल्या आधीच्या पिढीनं अमेरिकेतल्या काळ्यांकडून 'पँथर' हे नाव घेतलं. नाव घेतलं, त्यांची पोरांची पुस्तकं घ्यायची राहिली. फेथ रिंगगोल्ड या काळ्या चित्रकर्तीचं 'टार बीच', १९९१ चं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधली आठ वर्षांची कॅसी रात्री गच्चीवर पडल्या पडल्या शहरावरून उडते. तिच्या बापानं पूल बांधायला हात लावलेत, पण युनियन त्याला आत घेत नाही, कारण त्याचा बाप मेंबर नव्हता आणि कातडी गोरी नाही. बाप काम शोधायला गेला की आई रडते. कॅसी ठरवते, युनियनच्या इमारतीवरून उडायचं आणि ती इमारत बापाला देऊन टाकायची. गोदीतल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. बिल्ला असलेला आणि नसलेला यांच्यातलं अंतर आम्ही रोज गेटवर बघतो. त्या पुस्तकात घरातलं रडू आहे, रडवणारा आहे, आणि तरी पोरगी उडते. कुठलं पोर ते वाचून दचकून उठलं?

जॅकलिन वुडसनचं 'व्हिजिटिंग डे', २००२ चं. एक पोरगी आजीबरोबर बसनं तुरुंगातल्या बापाला भेटायला जाते. चांगले कपडे, डबा, लांबचा प्रवास, भेट, परत. संपलं. येरवड्याच्या, तळोज्याच्या दारात गाठोडं घेऊन बसलेल्या आपल्या पोरांना हे पुस्तक पाठ झालं पाहिजे. आणि व्हेरा विल्यम्सचं 'अ चेअर फॉर माय मदर', १९८२ चं. घर जळतं. आई हॉटेलात राबते. शेजारी एकेक भांडं, एकेक खुर्ची आणून देतात. मायलेकी आणि आजी बरणीत चिल्लर साठवतात, आई दमून आली की बसायला एक आरामखुर्ची पाहिजे म्हणून. जळलेल्या घराचं पुस्तक एवढं मऊ होऊ शकतं, आणि त्यात कुणी कुणाला दीर्घ श्वास घ्यायला सांगत नाही. शेजारी येतात.

लांब कशाला, हैदराबादच्या अन्वेषी या बायांच्या अभ्यासकेंद्रानं २००८ पासून 'डिफरंट टेल्स' नावाची माळ काढली. त्यात गोगू श्यामला यांच्यासारख्या दलित लेखिकेनं आपल्या वाड्यातली, रानातली पोरं आणली. तेलुगूला जमतं, मराठीला का नको? ज्या भाषेनं दलित आत्मकथनांची रांग लावली, त्या भाषेत पोरांसाठी काय आहे?

आता पुन्हा आमच्या वढूत या. ११ मार्च १६८९ ला औरंगजेबानं संभाजीराजांना मारलं. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की हात लावील त्याचं मुंडकं जाईल अशी भीती असताना गोविंद गोपाळ महारानं देहाचे तुकडे गोळा केले आणि वढूत अग्नी दिला. या गोष्टीवरून फलक लागतात, फलक मोडतात, डोकी फुटतात. दोन्ही बाजूंच्या कुणालाही एक पोर दिसत नाही. शाहू. बाप मारला तेव्हा त्याला सात वर्षं पुरी व्हायला दोन महिने होते. त्याच साली नोव्हेंबरात रायगड पडला आणि आई येसूबाईबरोबर तो मोगलांच्या छावणीत गेला. सुटला १७०७ ला, पंचविशीत. आई मागंच राहिली, ती परतली १७१९ ला. बाप गेला, घर गेलं, सगळं बालपण दुश्मनाच्या तंबूत. कुटुंबातल्या बदलाचं एवढं मोठं पुस्तक आमच्या गावाच्या मातीत पडलंय आणि आम्ही त्याच्यावर झेंड्याच्या काठ्या रोवतो. आणि गोविंद गोपाळच्या खोपटात त्या रात्री कुणी पोर जागं असेल, तर त्यानं आईला काय विचारलं असेल? 'आपला बा कुटं गेला?' ही दोन पोरं एका पुस्तकात शेजारी शेजारी काढा. शिरूर तालुक्यात समितीच्या शांतता बैठकांनी जे झालं नाही ते सोळा पानांनी थोडं तरी होईल.

शेवटचं, आपल्या घरातलं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, १ जानेवारीला स्तंभापाशी पुस्तकांचे ढीग लागतात. त्यात पोरांसाठीचा भीम बघा. जन्मला तोच कोट घालून, बोट वर करून, घटना हातात घेऊन. पुतळ्याला कुठलं पोर मिठी मारतं? खरा भीम पाच वर्षांचा असताना आई गेली, १८९६ ला. रामजींनी दुसरं लग्न केलं. सावत्र आई सणासुदीला आपल्या आईचे दागिने घालते हे त्या पोराला बघवायचं नाही. बापावर अवलंबून राहायचं नाही, मुंबईला जाऊन गिरणीत राबायचं, म्हणून त्यानं आत्याची पैशाची पिशवी रात्री लांबवली. तीन रात्री फसल्या, चौथ्या रात्री हाताला लागली, उघडली तर अर्धा आणा. मग ठरवलं, शिकायचं. साताऱ्यात वडील लांब गोरेगावला नोकरीवर, आत्याला नीट चालता येत नव्हतं, म्हणून हा, भाऊ आणि मेलेल्या बहिणीची दोन पोरं अशी चौघं शाळा करून स्वतः रांधायची. भाकरी थापता येईना, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून रोज पुलाव. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

सांगा, आईवेगळ्या, बापावर रुसलेल्या, पिशवी चोरणाऱ्या, पुलाव शिजवणाऱ्या या पोरात बाबासाहेबांची कुठली बेअब्रू आहे? सावत्र आईवर जळणारं आपल्या वस्तीतलं पोर हे वाचील तर म्हणेल, च्यायला, त्यालापण झालं होतं. एवढं वाक्य त्या पोराच्या छातीवरून किती मण उतरवील, ते ओझी वाहणाऱ्याला विचारा. पण आपले प्रकाशक घाबरतात. महापुरुषाला आई नसलेली चालते, आईसाठी जळलेला चालत नाही. गोरेगावच्या प्रवासात गाडीवाल्यानं केलेला विटाळ आपण छापतो, कारण त्यात गुन्हेगार परका आहे. स्वयंपाकघरातली चार पोरं सोडून देतो. दोस्तांनो, भक्तीनं पोर मोठं होत नाही, एकटं पडतं.

तेव्हा कामाचं बोलू. कागद महाग, छपाई महाग, ही रड ऐकायची नाही. एक कागद दुमडून मधे एक काप दिला की आठ पानांचं पुस्तक होतं. झेरॉक्सला येतात किती? प्रथम बुक्सनं २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर'वर पुस्तकं फुकट वाचायला, भाषांतर करायला, छापायला मोकळी ठेवलीत. वापरा. पण लिहिताना चार गोष्टी पाळा. आईबाप काय काम करतात ते दिसलंच पाहिजे, हत्यारासकट. घर कुणी मोडलं ते सांगायचंच, पोराला कळेल एवढ्या शब्दांत. 'आता तूच घरातला मोठा' हे वाक्य कुठल्याच पोराच्या खांद्यावर टाकायचं नाही. गोदीतसुद्धा एका माणसाच्या पाठीवर किती द्यायचं याला मर्यादा आहे. आणि शेवटी मिठी घालायची तर घाला, फक्त पोर आणि आई एवढ्यावर थांबू नका. शेजारीण, मामा, मास्तर, मोर्चातली माणसं, कुणीतरी दारात उभं दाखवा. भाषा वस्तीची. शुद्धलेखन तपासायला येणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

पोरांना विचारून काढा, त्यांच्यावर बसून काढू नका. त्यांनी काढलेला मुकादम तुमच्या-माझ्या कवितेतल्यापेक्षा जास्त खरा असेल. चित्र काढणारे, लिहिणारे, नुसते कागद दुमडणारे, सगळे चालतील. येत्या १४ एप्रिलच्या आत पहिली चार पुस्तकं वस्त्यांत फिरली पाहिजेत: कोयत्याचं, गटाराचं, जळलेल्या घराचं आणि पुलाव शिजवणाऱ्या भीमाचं.

जय भीम.